दिवे गेले की हात वर

माझ्या जनरेटरचा सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी आहे. हे मला डोंबिवलीच्या शैलाताईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा होता की जणू तो बेसूर आवाज माझ्याच गळ्यातून निघतोय.

पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच समजेल. बाकीच्यांसाठी सांगतो. पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजून गाणाऱ्याची पट्टी ठरते. शैलाताई काळी चारमध्ये गातात. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते, आणि वायरिंगमध्ये कुठे खोट राहिली की तीच वीज स्पीकरमधून घूं करत बाहेर पडते. तो घूं बरोबर ताईंच्या सा च्या किंचित खाली येऊन बसतो. पुरता सा असता तर तंबोरा म्हणून खपून गेला असता. पण तो नाही धड इकडचा, नाही धड तिकडचा.

"जाधव, तुमचं यंत्र मला खाली ओढतंय," ताई स्टेजवरून म्हणाल्या. "त्याला वर तरी आणा, नाहीतर गप्प तरी करा."

"ताई, इंजिन पळवलं तर सूर येईल वर, पण हे समोरचे दिवे जातील."

"मग गप्प करा," ताई म्हणाल्या आणि तंबोऱ्याच्या खुंट्या पिळायला लागल्या. बाईंचं वय तेव्हा साठीच्या आसपास, आवाज मात्र विशीतला, आणि जीभ त्याहून तिखट.

मी विलास जाधव, वायरमन. विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलो, आता कळव्यात राहतो. आयटीआय केलं, परवाना काढला, आणि तीस-बत्तीस वर्षं उघड्यावरच्या कार्यक्रमांना वीज पुरवली. सुरुवात आमच्याच वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमांपासून झाली. एप्रिलचा उकाडा, चौकात मांडलेलं स्टेज, गायन पार्टी रंगात आलेली, समोर सतरंज्यांवर बायापोरं, आणि स्टेजच्या मागे टेस्टर घेऊन उकिडवा बसलेला मी. गाणं मी आयुष्यभर मागच्या बाजूनेच ऐकलं. गायकांच्या पाठी मला चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखू येतात.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, जाधव, गमतीदार अनुभव लिहा. लिहितो. पण एक अनुभव गमतीचा नाही, आणि तो सोडून बाकीचे लिहिणं मला जमणार नाही. आधी गमतीचे घेतो.

शैलाताईंचा हा घूं निघाला तो ठाण्यातल्या कोलशेतच्या मैदानात, उन्हाळी संगीत महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी. खाडीजवळ मोठं मैदान, मे महिन्याची सुट्टी, तीन संध्याकाळी गाणं. बँकेतून निवृत्त झालेले सबनीस सर समितीचे प्रमुख. त्यांची कल्पना साधी होती. सभागृहात लहान पोर जरा चुळबुळलं की लोक मागे वळून बघतात, आई बिचारी पोराला घेऊन बाहेर जाते, आणि दोघांचंही गाणं बुडतं. इथे तसं नको. इथे पोरांनी धावावं, लोळावं, मधेच नाचावं. खुर्च्या फक्त आजी-आजोबांना. बाकीच्यांनी घरून चटया आणाव्यात. लोकांनी चटयांबरोबर डबे आणले, थर्मास आणले, पत्ते आणले, रांगणारी बाळं आणली. संध्याकाळी पाचला उन्हं उतरली की हिरवळीवर नुसती रंगीबेरंगी चौकोनांची गर्दी. एका चटईवर आजोबा डोळे मिटून ताल धरतायत आणि त्यांच्या पोटावर नातू झोपलाय, हे मी जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा मला बरं वाटलं.

तर तो घूं. मी दिव्यांची लाइन वेगळी केली, साउंडची वेगळी केली. घूं निम्मा झाला, गेला नाही. म्हणजे अर्थिंग कच्चं. अर्थिंग म्हणजे काय, तर तांब्याची एक सळई जमिनीत खोल पुरायची, खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालायचा, आणि सगळ्या यंत्रांची लोखंडी अंगं तारेने तिला जोडायची. कुठे वीज चुकार झाली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जाते. पण त्यासाठी जमीन ओली हवी. कोरड्या जमिनीत अर्थिंग असून नसल्यासारखं.

मी सळई ठोकत होतो आणि ती दोन फुटांवर ठणठण वाजत होती. तेवढ्यात दामूदादा पाटील आले. तिथलेच जुने गावकरी, मैदानाला पाण्याचा टँकर त्यांचाच. थोडा वेळ माझी मजा बघत उभे राहिले.

"कनाला ठोकतंस तिथं? खाली सगला भराव हाय," ते म्हणाले. "दगडा न डेबरीज. पानी धरायचा नाय."

"मग कुठे ठोकू, दादा?"

त्यांनी मला मैदानाच्या पार कडेला, एका बाभळीपाशी नेलं. "आमचा मिठागर होता इथं. बापूस माझा इथं मीठ वढायचा. या जमिनीत तू मीठ नाय टाकलास तरी चालंल."

सळई लोण्यात गेल्यासारखी आत गेली. वर दामूदादांच्या टँकरचं दोन बादल्या पाणी ओतलं, आणि स्पीकरमधला घूं नाहीसा झाला. शैलाताईंनी स्टेजवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि फक्त एकदा डोळे मिटून उघडले. माझ्या धंद्यात याहून मोठी दाद मिळत नाही.

तेव्हापासून रोज चार वाजता अर्थिंगला पाणी पाजायचं हा माझा नेम झाला. तांब्याने हळूहळू, खड्डा पिईल तसं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर सळईच्या डोक्याला हळदकुंकू, शेजारी झेंडूची दोन फुलं आणि एक नारळ. समोरच्या इमारतीतल्या कुणा बाईंनी मला तन्मयतेने पाणी घालताना पाहिलं असावं. मी नारळ बाजूला ठेवला, फुलं राहू दिली. फुलांनी वीज अडत नाही. दामूदादा मात्र नारळ फोडून खाल्ल्यावरच उठले.

गिऱ्हाइकंही एकेक भेटतात. जनरेटर दिसला की लोकांना घरातला स्विचबोर्ड आठवतो. मोबाइल चार्जिंगवाले तर रांगेने येतात. एक वहिनी तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन आल्या, मागे नवरा इंडक्शनची शेगडी आणि छोटा कुकर धरून उभा.

"काका, एकच शिटी काढायचीय. खिचडी आहे, बाळाची."

"वहिनी, इथून फक्त स्टेज आणि दिवे. बाकी कुणाला लाइन नाही."

"अहो, एक शिटी हो. ती पण बारीक आचेवर."

मी नाही म्हणालो. माझा नियमच होता. माझ्या बोर्डावर जी वायर लागेल तिचा प्लग मी स्वतः उघडून बघणार, मग लावणार. ओळखीचा असो, समितीचा असो, खुद्द गायक असो. एकदा एका नावाजलेल्या गायकाच्या माणसाने चहाची किटली लावायला आणली, तर तिचाही प्लग मी स्क्रूड्रायव्हरने उघडला. तो म्हणाला, "आपको मालूम है ये किसका केटल है?" मी म्हणालो, मालूम आहे, म्हणून तर बघतोय. खिचडीचं म्हणाल तर माझ्या बायकोने मला दिलेल्या डब्यातला मऊ भात वहिनींनी नेला. बाळाने तो खाल्ला की नाही ते माहीत नाही, मी मात्र त्या दिवशी वडापावावर काढला.

हा नियम मी इतकी वर्षं इतक्या ताठ मानेने सांगितला, आणि एके वर्षी एका दुपारी मोडला. आता तीच गोष्ट सांगतो.

महोत्सवाचं चौथं वर्ष असेल. उन्हाळा असा की दुपारी जनरेटरच्या पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटावी. आदल्या वर्षी दोन आजींना उकाड्याने चक्कर आली होती, म्हणून सबनीस सरांनी फवाऱ्याचे पंखे आणले. लग्नाच्या लॉनवर असतात ते, उंच लोखंडी स्टँड, मागे पाण्याची टाकी, पुढून धुक्यासारखे तुषार. एका पुरवठादाराने चार पंखे दिले. पोरं त्या तुषारांत नाचायला लागली आणि मैदानातली सगळ्यात लाडकी जागा तीच झाली.

माझ्या बोर्डावर एक ब्रेकर असतो. आम्ही त्याला ईएलसीबी म्हणतो. त्याचं काम सोपं आहे. जेवढी वीज बाहेर गेली तेवढीच परत आली पाहिजे. थोडी जरी कमी आली तर तिने मधेच दुसरी वाट धरली, आणि ती वाट एखाद्या माणसाच्या अंगातून असू शकते. ब्रेकर कारण विचारत बसत नाही, सरळ सगळं बंद करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साउंड तपासताना तो तीन वेळा पडला. तिन्ही वेळा सगळं मैदान बंद. मी दिव्यांच्या माळा तपासल्या, साउंडचे जोड तपासले, काही सापडेना. मैदानावर पाणी मारलं होतं, म्हटलं कुठल्यातरी जोडात ओल गेली असेल, वाळेल. साडेचार वाजले, लोक चटया टाकायला लागले, आणि ब्रेकर चौथ्यांदा पडला. सबनीस सर घामाघूम होऊन आले.

"जाधव, आज चॅनेलवाले येणार आहेत. पुढच्या वर्षीचा स्पॉन्सर येऊन बसणार आहे. आज काहीही करा, पण लाइट जाता कामा नये."

मी काय केलं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना कळेल. ब्रेकरच्या वरून खाली एक तार टाकली आणि त्याला बाजूला सारलं. आम्ही याला 'डायरेक्ट करणं' म्हणतो. दोन मिनिटांचं काम. सबनीस सरांनी मला ते करायला सांगितलं नव्हतं. त्यांना ब्रेकर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. ते माझं डोकं होतं आणि माझे हात होते. मनात म्हटलं, ब्रेकर जुना झालाय, उगाच घाबरतोय. आणि त्या पंख्यांचे प्लग मी उघडून पाहिलेच नव्हते. पुरवठादाराच्या माणसाने ते पहिल्याच दिवशी दुपारी स्वतः लावून टाकले, मी साउंडच्या मागे होतो, पाहिलं आणि राहू दिलं.

सव्वासहाला शैलाताई गायला बसल्या. त्यांचं असं होतं की पहिला अर्धा तास रागदारी, आणि मग पोरांसाठी ठेक्याची लोकगीतं. सूर स्वच्छ होता, घूंचा मागमूस नव्हता. मला स्वतःवर खूश व्हायला झालं. जनरेटर सोडून मी मैदानात एक चक्कर टाकायला निघालो, जे मी एरवी कधी करत नाही.

उजवीकडच्या पंख्यापाशी पोरांची रांग होती. सात-आठ पोरं, अनवाणी, ओल्या गवतावर. मला वाटलं तुषारात भिजायला उभी आहेत. पण ती पंख्याच्या पुढे नव्हती, बाजूला होती. एकेक जण पुढे व्हायचं, लोखंडी स्टँडला बोट लावायचं, खिदळायचं, आणि पळत जाऊन पुन्हा रांगेत शेवटी उभं राहायचं.

मी रांगेतल्या शेवटच्या मुलीला विचारलं. ओवी तिचं नाव, ते नंतर कळलं. दोन वेण्या, दुधाचे दात पडलेले.

"काय खेळताय गं?"

"काका, तो पंखा गुदगुल्या करतो," ती म्हणाली. "पण हळू लावायचं बोट. जोरात लावलं की चावतो. मी दोनदा केलं."

त्या स्टँडमध्ये वीज उतरली होती. अजून थोडी होती म्हणून झिणझिण्या येत होत्या. पाणी गळत होतं, गवत भिजत होतं, आणि ती थोडीच राहील असं कुणी सांगितलं होतं? ज्याने हे थांबवायचं, तो ब्रेकर मी माझ्या हाताने बाजूला सारला होता.

मेन स्विच दोनशे पावलांवर. ओरडून 'शॉक, पळा' म्हटलं असतं तर पोरं घाबरून कशाला धरतील सांगता येत नव्हतं. बाजूलाच लोखंडी रेलिंग होतं, स्टेजची लोखंडी शिडी होती. आणि आई-बाप धावत येऊन पहिला हात त्या स्टँडलाच लावतील. मला त्या क्षणी काय सुचलं ते माझं मलाच नवल वाटतं. मी आवाज शक्य तितका हसरा केला आणि ओरडलो, "चला, नवीन खेळ. सगळ्यांनी हात वर. जो हात खाली आणेल तो आउट."

सगळ्या पोरांनी हात वर केले. "हात वर ठेवून आईकडे पळत जायचं. आईचेही हात वर करायला लावायचे. जो सगळ्यात जास्त वेळ ठेवेल त्याला बर्फाचा गोळा."

पोरं हात वर करून चटयांमधून पळाली. मी उलट दिशेला पळालो. पळताना मागे एकदा पाहिलं. पोरांचं बघून शेजारच्या पोरांनी हात वर केले, त्यांच्या आयांनी केले. स्टेजवर शैलाताई ठेक्यात रंगल्या होत्या. त्यांना वाटलं लोक गाण्यात सामील झाले. त्यांनी तंबोरा बाजूच्या शिष्येकडे दिला आणि स्वतःच दोन्ही हात वर केले, आणि मग सगळ्या मैदानाने. चटयांवरच्या आज्यांपासून चॅनेलच्या पोरापर्यंत, सगळे हात हवेत, आणि हसतायत. त्याच क्षणी मी मेन स्विच खाली ओढला.

अजून उजेड होता, त्यामुळे अंधार झाला नाही. फक्त आवाज गेला. एवढ्या मोठ्या मैदानात एकदम शांत झालं आणि खाडीवरचा वारा ऐकू आला.

सबनीस सर धावत आले. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. ब्रेकर पडत होता, मी डायरेक्ट केला, पंख्यात वीज उतरली, पोरं त्याला हात लावून खेळत होती. ते खाली गवतावर बसले. त्यांची स्वतःची नात त्या रांगेत होती.

मग मी चारही पंख्यांचे प्लग उघडले. दोन प्लगांची तिसरी, अर्थिंगची पिन मुळातच मोडलेली. रोज चार वाजता मी खड्ड्याला पोटभर पाणी पाजत होतो, वर फुलं वाहिली जात होती, आणि त्या पंख्यांचा त्या खड्ड्याशी काही संबंधच नव्हता. पंखे उचलून मैदानाबाहेर ठेवले. तार काढली, ब्रेकर जागेवर आणला. एकेक वायर हाताखालून घातली. या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ शैलाताई खाली उतरून चटयांमध्ये बसून बिनमाइकच्या गात होत्या. मागच्यांना ऐकू जात नव्हतं, पुढची पोरं कंटाळून गोळा मागत होती. कार्यक्रम विस्कटला तो विस्कटलाच.

लाइट आली तेव्हा सबनीस सर म्हणाले, "मी सांगतो, तांत्रिक बिघाड होता. विषय संपवू. लोक घाबरले तर उद्या कोणी येणार नाही, जाधव. पुढच्या वर्षीही नाही."

"सर, पोरं घरी जाऊन दुसऱ्या कुठल्या पंख्याला बोट लावतील. त्यांना वाटतंय की तो खेळ होता."

शैलाताई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी आपला माइक स्टँडवरून काढला आणि माझ्या हातात दिला.

इतकी वर्षं मी माइकला वीज दिली, माइकसमोर कधी उभा राहिलो नव्हतो. माझाच आवाज समोरून परत आला तेव्हा मी दचकलो.

"मी जाधव. जनरेटर माझा आहे," मी म्हणालो. "उजवीकडच्या पंख्यात करंट उतरला होता. पोरांना शॉक बसत होता. तो थांबवणारा ब्रेकर मी बंद केला होता, कारण तो सारखा पडत होता. चूक माझी आहे, समितीची नाही. आता सगळं तपासलंय. ज्यांच्या पोरांनी हात लावला त्यांनी पोरांना नीट बघा, काही वाटलं तर समितीचे डॉक्टर आजी-आजोबांच्या खुर्च्यांपाशी बसलेत. आणि पोरांनो, मघाचा खेळ खरा नव्हता. कुठलीही वस्तू अशी चावली, गुदगुल्या केल्या, तर हात लावायचा नाही. हात वर करायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे बरं झालं. एक बाप उभा राहिला, ओवीचा. "काका, तुम्हाला कळतं का काय झालं असतं ते?"

"कळतं," मी म्हणालो. तो मुलीला उचलून निघून गेला. आणखी वीस-पंचवीस कुटुंबांनी चटया गुंडाळल्या. त्यांचं बरोबरच होतं. सगळ्या पोरांना डॉक्टरांनी तपासलं, कुणाला काही झालं नव्हतं, पण ते आमचं नशीब, माझं काम नाही. स्पॉन्सर केव्हा उठून गेला ते कळलंच नाही.

त्या दिवशी आवरताना मी सबनीस सरांना सांगितलं, उद्यासाठी दुसरा माणूस बघा. ते म्हणाले, "ठाण्यात दहा जण मिळतील. पण तार टाकणारे दहाही आहेत, आणि टाकल्यावर सांगणारा मला आज पहिल्यांदा भेटला. उद्या चार वाजता या."

तिसऱ्या दिवशी मी दुपारी बाराला गेलो. प्रत्येक प्लग उघडला, पेटीवाल्याच्या दिव्याचासुद्धा. चार वाजता अर्थिंगला पाणी घातलं. पाच वाजले, मैदान रिकामं. सव्वापाचला दामूदादा म्हणाले, "येतील रं. पोरांना घरात कोन ठेवतंय."

साडेपाचपासून लोक यायला लागले. आदल्या दिवसाइतके नाही, पण आले. आणि मला एक गोष्ट दिसली. एरवी मैदानात शिरल्याबरोबर चपला फेकून देणारी पोरं, सगळीच्या सगळी, रबरी चपला घालून गवतावर फिरत होती. आयांनी घालून पाठवलं होतं. सहाच्या सुमारास दोन वेण्या आणि पडलेले दात दिसले. मागे बाप. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चटई मात्र त्याने जनरेटरच्या बाजूला, मी दिसेन अशी टाकली. माझ्यावर लक्ष ठेवायला असेल. ठेवायलाच हवं होतं.

या गोष्टीची लाज मला अजून वाटते, आणि नंतर जे केलं त्याचा अभिमानही वाटतो. दोन्ही एकाच गोष्टीची आहेत, वेगळी करता येत नाहीत. त्या वर्षानंतर मी कुठल्याही मैदानात ब्रेकरला हात लावला नाही. पडला की पडला. मंत्री भाषणाला उभे असताना पडला, लग्नात मंगलाष्टकांच्या मधे पडला, एका गायकाची तान वरच्या सा ला टेकतानाच पडला. शिव्या खाल्ल्या, दोन-तीन कामंही गेली. कारण सापडेपर्यंत मी लाइन दिली नाही. कल्याण-डोंबिवलीतले नवे वायरमन मला विचारायला येतात, काका, फार पडतो हो, काय करू? मी त्यांना पंख्याची गोष्ट सांगतो. सांगताना प्रत्येक वेळी चूक माझी होती हे सांगतो, नाहीतर गोष्टीचा उपयोग होत नाही.

कोलशेतचा महोत्सव चालू आहे. सबनीस सर आता खुर्चीत बसतात, आजी-आजोबांच्या रांगेत. मी जनरेटर भाच्याच्या ताब्यात दिला, पण त्या तीन दिवसांना मी जातोच. अर्थिंगला पाणी मीच घालतो. फुलं अजून येतात.

या मे महिन्यात दुसऱ्या संध्याकाळी शैलाताई गायला बसल्या होत्या. आता आवाज जरा थकलाय, पण पट्टी तीच. सात वाजून गेले होते, अंधार पडायला लागला होता, ठेका चढला होता, आणि ब्रेकर पडला. स्टेज, दिवे, सगळं गेलं. कुठल्यातरी नव्या माणसाने मागून शिट्टी मारली. बाकी कुणी ओरडलं नाही. डोळे सरावले तसं मला दिसलं, सगळ्या मैदानाचे हात वर होते. आज्यांचे, बापांचे, ज्यांचा त्या पंख्याशी काही संबंध नाही अशा दोन-तीन वर्षांच्या पोरांचे. स्टेजवर शैलाताईंचे दोन्ही हात वर. कुणीही सांगितलं नव्हतं. दर वर्षीचं झालंय, पोरं त्याला कोलशेतचा खेळ म्हणतात.

भाचा टॉर्च घेऊन वायरी बघायला धावला. जनरेटरपाशी मी एकटाच होतो, मला बघायला कोणी नव्हतं. मीही दोन्ही हात वर केले, आणि तो "सापडलं" म्हणून ओरडेपर्यंत खाली आणले नाहीत.